तीन चाकं आणि लेव्ही

आमच्या गल्लीत गॅसची टाकी अजून सायकलवरून येते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे, प्रत्येकाला एकेक टाकी लटकवलेली. टाकीत गॅस १४.२ किलो, पण लोखंडासकट तीच ३० किलोच्या आसपास जाते. म्हणजे मागच्या चाकावर ६० किलो. एवढं वजन असताना टाक्या आणणारा दादा सीटवर बसतच नाही. एक हात हँडलला, दुसरा सीटवर, सायकल कंबरेला टेकवलेली, अशी तो ती चालवत आणतो. एजन्सीचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा असतो, कारण आत दोन्ही कडांना दुचाक्या लागलेल्या असतात आणि मधून जेमतेम रिक्षा जाते. हे मध्य पुण्यातल्या पेठेचं चित्र आहे, पण भुलेश्वरला किंवा नाशिकच्या रविवार कारंजाजवळ राहणाऱ्यालाही ते ओळखीचं वाटेल.

ई-कार्गो बाइक, हरित डिलिव्हरी, तरुणांसाठी रोजगार प्रशिक्षण असं काही वाचलं की मला आधी हा दादा आठवतो. कारण आपल्याकडे मालवाहू सायकल नवी नाही. पाववाला, दूधवाला, डबेवाला, भंगारवाला, बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून नेणारा, सगळे त्यावरच जगले. त्यांना ‘हरित’ कुणी म्हटलं नाही. हातगाडी ओढणाऱ्या हमालाच्या नावावर कार्बनची बचत कुणी लिहिली नाही. उलट तो रस्त्यात आला की मागून हॉर्न वाजतो. २०१३ मध्ये कोलकाता पोलिसांनी तर १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी केली होती. दूध, भाजी, मासे पोचवणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर ती यादी छोटी करावी लागली. सायकलने वाहतूक मंदावते, असं तेव्हा कारण दिलं होतं.

ते कारण खरं नाही, हे आकड्यांतच दिसतं. २०२१ मध्ये वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी लंडनमधल्या पेडल मी या कंपनीच्या मालवाहू सायकलींच्या जीपीएस नोंदी तपासल्या. मध्य लंडनमध्ये सायकलचं काम व्हॅनपेक्षा सुमारे ६० टक्के वेगाने होत होतं. व्हॅन तासाला सहा पार्सलं टाकायची, सायकल दहा. कार्बन उत्सर्जन डिझेल व्हॅनच्या मानाने ९० टक्के कमी, आणि विजेवरच्या व्हॅनच्या मानानेही एक तृतीयांश कमी. कारण अगदी साधं आहे. व्हॅन धावते जोरात, पण थांबायला जागा शोधत फिरते, एकदिशा मार्गांना वळसे घालते, आणि जागा मिळाली की शेवटची शंभर पावलं ड्रायव्हर पायीच जातो. सायकल दाराशी लागते.

लक्ष्मी रोडवर सकाळी अकराला उभं राहून पाहा. ‘छोटा हत्ती’ टेम्पो दुहेरी रांगेत उभा, मागचा फाळका उघडा, आत कापडाचे चार गठ्ठे, मागे पीएमपीची बस अडकलेली. चार गठ्ठ्यांसाठी पाऊण टन वाहणारी गाडी. बोहरी आळीतून जाणारे बोल्ट-नटांचे खोके असोत, अप्पा बळवंत चौकातून निघणारे वह्यांचे गठ्ठे असोत नाहीतर तुळशीबागेतल्या भांड्यांच्या पिशव्या, यातला बराच माल दोन-तीन किलोमीटरच्या आतच फिरतो आणि शंभर-सव्वाशे किलोच्या आत बसतो. युरोपीय संघाच्या सायकललॉजिस्टिक्स प्रकल्पाने असाच हिशोब तिकडच्या शहरांचा मांडला होता. सामानासाठी होणाऱ्या मोटारींच्या फेऱ्यांपैकी ५१ टक्के फेऱ्या सायकलवर जाऊ शकतात, असं त्यात निघालं. (त्यात घरच्या किराणाच्या फेऱ्याही धरल्या आहेत, हेही सांगायला हवं.) आपल्या पेठा तर मोटार यायच्या आधीच्या. रस्त्यांची रुंदी बैलगाडी आणि पालखीला बेतलेली.

तेव्हा वाहन कोणतं, यावर मला फार वाद घालायचा नाही. तीनचाकी, पुढे किंवा मागे खोका, पायडलला छोट्या मोटरची साथ. आपल्या नियमांत पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी बॅटरीची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नाही, लायसन नाही. वजनाच्या मर्यादेत बसणारी मालवाहू सायकल बनवणं आपल्या भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांना अवघड नाही. माझा वाद आहे तो ही गाडी चालवणार कोण, त्याला शिकवणार कोण, आणि शिकून झाल्यावर तो कुणाचा माणूस असणार, याबद्दल.

शिकण्याचं म्हणाल तर मी स्वतःच एकदा नापास झालो आहे. आमच्याकडे पाण्याचे वीस लिटरचे जार टाकणारा एक मुलगा जुनी तीनचाकी चालवतो, साधी, बिनमोटरची. चाळीस वर्षं सायकल चालवतोय, ही काय मोठी गोष्ट, असं म्हणून मी बसलो. दहा फुटांत गाडी डावीकडच्या गटाराकडे निघाली. रस्ता मधे फुगलेला आणि कडेला उतरता असतो, दुचाकीवर ते जाणवत नाही. तीनचाकी मात्र उताराकडे ओढत राहते. मी सवयीने अंग उजवीकडे टाकलं. काही उपयोग झाला नाही. मुलगा मागून हसत ओरडला, “काका, झुकू नका! ती झुकत नाही, तुम्हीच झुकताय. नुसतं हँडल धरा!” शेवटी त्यानेच ती धरून थांबवली. त्याची बायको कट्ट्यावर बसली होती. ती उठली आणि सहा जारांसकट गाडी वळवून दुकानासमोर लावून आली. तिला दुचाकी सायकल येत नाही. “म्हणूनच तिला ही लगेच आली,” तो म्हणाला. “सायकलवाल्यांना आधी सायकल विसरावी लागते.”

ही गंमत नाही, यात मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे लहानपणी सायकल कुणाला शिकवली जाते? घरातल्या मुलाला. मुलगी शिकली तर शाळा लांब असेल म्हणून. पस्तिशीतल्या, धुणंभांडी करणाऱ्या किंवा कचरा वेचणाऱ्या बाईला दुचाकीवर तोल सांभाळायला शिकवणं म्हणजे आधी भीती मोडणं, मग लायसन, मग स्कूटरचं कर्ज. मुंबईत रेवती रॉय यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘हे दीदी’ने बायकांना दुचाकी शिकवून डिलिव्हरीच्या कामाला लावलं. काम कौतुकाचंच. पण त्या वाटेवर पायऱ्या जास्त आहेत. तीन चाकांच्या गाडीला तोल सांभाळावा लागत नाही, लायसन लागत नाही, आणि बाईने साडी नेसून ती चालवली तरी साडी साखळीत जात नाही, जर बनवणाऱ्याने साखळीला झाकण लावलं असेल तर. (बहुतेक जण लावत नाहीत. कारण बनवताना साडी त्यांच्या डोळ्यांसमोर नसते.)

चाक हातात आलं की काय होतं, हे तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात दिसलं होतं. १९९१ नंतर साक्षरता मोहिमेत तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकवणं घातलं, सायकलसाठी कर्जाची सोय केली. लाखाच्या वर बायका सायकल शिकल्या. बायकांच्या सायकली पुरेनात म्हणून त्यांनी दांडीवाल्या जेंट्स सायकली घेतल्या, आणि दांडीवर पोर बसवता येतं म्हणून त्याच बऱ्या असंही म्हणू लागल्या. पाणी, माल, पोरं, सगळं सायकलवर आलं. तिथे शिक्षण वर्गात झालं नाही, आणि शेवटी हातात कागद नव्हे, सायकल आली.

आपली कौशल्य विकासाची योजना नेमकी उलटी चालते. चाळीस खुर्च्या, प्रोजेक्टर, बायोमेट्रिक हजेरी, शेवटी गणवेश घालून फोटो आणि प्रमाणपत्र. नोकरी म्हणजे कुठल्यातरी अ‍ॅपवर खातं उघडून देणं. मालवाहू सायकल चालवण्याचं खरं कौशल्य या खोलीत मिळत नाही. जड माल खाली आणि आसाजवळ ठेवायचा, हलका वर. वळताना वेग आधीच कमी करायचा, नाहीतर तीनचाकी बाहेरच्या बाजूला कलंडते. उताराला ब्रेक आधी दाबायचा, मधे नाही. दोरीची गाठ अशी मारायची की एका हाताने सुटेल. जार उचलताना गुडघ्यातून वाकायचं. हे सगळं आज शहरात ज्यांना येतं ते हमाल, हातगाडीवाले आणि डबेवाले आहेत. पण शिक्षक म्हणून त्यांना कुणी बोलवत नाही, कारण त्यांच्याकडे पदविका नाही. मार्केट यार्डातल्या हमालाला दिवसाचा मोबदला देऊन महिनाभर शिकवायला लावा. पहिल्यांदा त्याच्या अंगातल्या ज्ञानाची किंमत पैशांत होईल.

शिवाय शिकवायचं ते फक्त चालवणाऱ्याला, हा समजही सोडायला हवा. सोसायटीच्या सेक्रेटरीला शिकवायला हवं की डिलिव्हरीच्या माणसाला लिफ्ट वापरू द्यायची असते. चाळीस किलो घेऊन सहाव्या मजल्यावर जिन्याने जाणाऱ्या बाईला ‘सर्व्हिस लिफ्ट बंद आहे’ असं सांगणारा वॉचमन स्वतःही गरीबच असतो. नियम वरून आलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. शिकून झालं, गाडी मिळाली, पुढे काय? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मधले गिग कामगार, म्हणजे पगाराशिवाय कामागणिक पैसे मिळणारे, ७७ लाख धरले होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज होता. स्कूटर आपली, पेट्रोल आपलं, मोबाइल आपला, अपघात आपला, दर मात्र अ‍ॅपचा. या रांगेत आपण सायकलवाला उभा केला तर धूर कमी होईल. त्याचं बाकी काही बदलणार नाही. पेट्रोलऐवजी त्याच्या मांड्या जळतील एवढंच. विदेशातल्या हरित शहरांच्या गोष्टी आपल्याकडे आणताना हा भाग हमखास गळतो.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे अ‍ॅपवरून काम देणाऱ्या कंपन्यांना उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरायला सांगितलं आहे, कामगारांना दिलेल्या पैशांच्या ५ टक्के ही कमाल मर्यादा ठेवून. पाऊल चांगलं आहे. पण रविवार पेठेतला बोल्ट-नटाचा व्यापारी अ‍ॅग्रिगेटर नाही. तुळशीबागेतला दुकानदार नाही. पाण्याच्या जारचा प्लँटवाला नाही. पेठेतली मालवाहू सायकल अशा पन्नास दुकानांचं काम करणार, एका मालकाचं नाही. तिच्यासाठी संहितेतल्या या निधीत जागा दिसत नाही.

महाराष्ट्राला मात्र असं काम कसं बांधायचं हे साठच्या दशकातच कळलं होतं. १९६९ चा माथाडी कायदा नेमका याच माणसासाठी आहे, ज्याचे मालक अनेक आहेत आणि म्हणून ज्याचा मालक कुणीच नाही. या कायद्याखाली नेमलेल्या मंडळात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. कामगार मंडळात नोंदवायचा, व्यापारीही नोंदवायचा. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि वर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. मंडळ हमालाला मजुरी देतं, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना, रजेचे पैसे चालतात. आज या दुकानाचं पोतं, उद्या त्या दुकानाचं. हक्क मात्र एकाच खात्यात साठतात. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात ज्या पाठींसाठी हे भांडण केलं, त्या पाठी शंभर किलोची पोती वाहत होत्या. ते वजन पन्नास किलोवर आणायलाही हमाल पंचायतीला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. बाबा ८ डिसेंबर २०२५ ला गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या सभांना सगळ्या पक्षांचे लोक आले; माथाडी मंडळं नवीन कामांकडे वळवावीत असं कितीजण बोलले, ते मला ऐकू आलं नाही.

राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदे केले. त्यांत मंडळ आहे, नोंदणी आहे आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आहे. माथाडी बोर्डाच्या कुणाही कारकुनाला हे वाचून आपलंच काही दूरच्या नात्यातलं वाटेल. ज्या राज्यात ही कल्पना वाढली, तिथेच आपण कौशल्य केंद्रांवर भागवतोय.

यावर लगेच येणारा प्रश्न मला ठाऊक आहे: माथाडी म्हणजे खंडणी ना? हो, तेही घडलं आहे. चाकण-रांजणगावच्या कारखानदारांना बोगस संघटनांचा त्रास झाला, माल न उचलताच पैसे मागणारे लोक या नावावर फिरले. ते गुन्हे आहेत आणि त्यांच्यावर गुन्ह्यासारखीच कारवाई व्हावी. पण बोगस डॉक्टर सापडले म्हणून कुणी दवाखाने बंद करत नाही. शिवाय सायकलच्या फेरीची नोंद मोबाइलवर राहते. कुणी, कुठून, किती किलो, किती वाजता, सगळं दिसतं. पोत्यांचा हिशोब चिठ्ठीवर चालत होता तेव्हा जी गडबड करता येत होती, ती इथे अवघड आहे.

दुसरा आक्षेप जास्त अस्वस्थ करणारा आहे. माणसाने ओझं ओढावं यासाठी तुम्ही एकविसाव्या शतकात लेख लिहिताय? हा प्रश्न मला माझ्या मुलीने विचारला आणि मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. ओझं ओढण्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, आणि हातगाडीकडे रम्य नजरेने पाहणाऱ्यांनी ती एकदा दुपारी दोनला ओढून पाहावी. पण पर्याय ओझं की आराम असा नाहीच. ओझं आजही ओढलं जातंय. फक्त मोटर नसलेल्या, ब्रेक झिजलेल्या, हँडलची उंची छातीला लागणाऱ्या गाडीने, आणि नोंद नसलेल्या हातांनी. मोटर, ब्रेक आणि नोंद या तीन गोष्टी त्याला मिळाल्या तर ते काम हमालीपेक्षा बसचालकाच्या कामाजवळ जाईल.

पुण्यात याचं एक रूप उलट्या दिशेने आधीच चालू आहे. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातून आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. साडेतीन हजारांवर कचरावेचक, बहुतेक बायका, त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या, घरोघर जाऊन ओला-सुका कचरा गोळा करतात आणि ढकलगाडीवर बादल्या ठेवून फीडर पॉइंटपर्यंत, म्हणजे पालिकेची गाडी कचरा उचलते तिथवर, नेतात. घराघरातून माल उचलून एका ठिकाणी पोचवणं. डिलिव्हरी उलटी फिरवली की हेच काम होतं. यांना शहराची प्रत्येक गल्ली, प्रत्येक जिना, कुठल्या कुत्र्यापासून लांब राहायचं, हे सगळं माहीत आहे. आणि त्या संस्थेच्या नोकर नाहीत, सभासद आहेत. पालिकेला मालवाहू सायकलींचा प्रयोग करायचाच असेल तर पहिल्या पन्नास गाड्या इथे द्याव्यात. सकाळी कचरा, दुपारी स्वच्छ धुतलेला वेगळा खोका लावून किराणा-पुस्तकांची डिलिव्हरी. वेगळा खोका हे मुद्दाम लिहितोय, कारण ‘कचरावालीच्या गाडीतून आमचा किराणा?’ हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. त्या वाक्यात स्वच्छतेपेक्षा जात जास्त असते. तरी खोका वेगळाच असावा.

जागाही लागेल. बर्लिनमध्ये २०१८ साली प्रेन्झलाउअर बर्ग भागात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पाच पार्सल कंपन्यांनी एकाच आवारात कंटेनर ठेवले होते. मोठा ट्रक तिथवर येणार, पुढे सायकली. आपल्याकडे मंडईजवळचे पार्किंगचे मजले दुपारी अर्धे रिकामे असतात. उड्डाणपुलांखाली रंगीत फरश्या आणि जिमची गंजकी यंत्रं आहेत. तिथे शेड, चार्जिंग आणि पाणी हवं. बायकांसाठी कुलूप आतून लागेल असं स्वच्छतागृहही हवं, कारण त्याच्याशिवाय ‘महिला सक्षमीकरण’ दुपारी बारालाच घरी परततं.

आधीच्या सायकल योजनेची आठवण पुणेकरांना आहे. २०१७ च्या डिसेंबरपासून भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, उद्घाटनं झाली, आणि दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. तेव्हा कुणी फारसं रडलं नाही, कारण कुणाची चूल त्यांच्यावर पेटत नव्हती. मुंबईच्या डबेवाल्यांची साखळी १८९० पासून टिकली ती ज्यांचं पोट तिच्यावर आहे तेच तिचे भागीदार होते म्हणून. त्यांच्या गटाचा मुकादम हाही पेढीवर बसलेला मालक नव्हता. मिरॅकल कुरिअर्स मुंबईत सुरू झाली तेव्हा तिचे कर्मचारी कर्णबधिर होते आणि पार्सलं लोकल-बसने जात होती. कुणी त्याला हरित प्रयोग म्हटलं नाही, पण ऐकू न येणाऱ्या माणसाला पगाराची नोकरी आणि पेट्रोलविना कुरिअर, दोन्ही एकाच वेळी तिथे होतं.

मी हे सगळं जारवाल्या मुलाला माझ्या भाषेत सांगत होतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, “लेव्ही म्हणजे आमच्या पैशातून कापणार ना?” म्हटलं, नाही, दुकानदार वरून भरतो. त्याने बायकोकडे पाहिलं. “मग दुकानदार तुम्ही आणा, काका. गाडीचं आम्ही बघतो.”

म्हणून मी आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांची यादी करायला घेतली आहे. आत्तापर्यंत अकरा जणांना विचारलं. दोघे हो म्हणाले. एका स्टेशनरीवाल्याने लेव्ही किती टक्के ते नेमकं विचारलं. बाकीच्या आठांचं म्हणणं एकच, आधी गाडी दाखवा.